पूररेषा कुठवर आखावी : टेबलटॉप रोलप्लेइंग खेळासाठी समतोल सिद्धी रचताना

टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ. आमच्या रविवारच्या खेळात एका खेळाडूने गोदाकाठच्या नावाडिणीचे पात्र घेतले आणि नदी तिला वश असावी, अशी इच्छा व्यक्त केली. कथानक मांडणारा आणि शत्रू चालवणारा सूत्रधार मी असल्यामुळे तिची सिद्धी, म्हणजे पात्राची खास शक्ती, रचण्याचे काम माझ्याकडे आले. उत्साहाच्या भरात मी लिहून टाकले की, दिवसातून एकदा ती तीस फुटांच्या वर्तुळात पूर आणू शकते आणि त्यात सापडलेला प्रत्येक शत्रू, बचावाची फेक (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) चुकल्यास, तीन फेऱ्या (एका फेरीत प्रत्येकाची एक पाळी) गटांगळ्या खात राहतो. कागदावर हे वाक्य फार देखणे दिसत होते. पुढच्या तीन रविवारी प्रत्येक लढाईचा निकाल नावाडिणीच्या पहिल्याच पाळीत लागला, तलवारबाजाचा खेळाडू मोबाइलमध्ये डोके घालून बसू लागला, आणि चौथ्या रविवारी त्याने पोट बिघडल्याचे कळवले. नावाडिणीच्या खेळाडूने काहीच चुकीचे केले नव्हते; मी जे लिहून दिले तेच ती वापरत होती.

समतोल म्हटले की बहुतेक सूत्रधार प्रत्येक पात्राच्या डॅमेजची, म्हणजे त्याने शत्रूला केलेल्या इजेची, बेरीज सारखी करायला बसतात. ते करावेही लागते आणि त्याची रीत पुढे दिली आहे. परंतु टेबल मोडते ते सहसा वेगळ्याच कारणाने. सिद्धी वापरून झाल्यावर बाकीच्या तिघांच्या पाळीला करण्याजोगे काही उरते का, हे पाहावे. शेजारच्या पात्राने दुप्पट डॅमेज केले म्हणून सहसा कोणी रुसत नाही, मात्र आपली पाळी येण्याआधीच सगळे आटोपलेले असेल तर शांत माणूसही रुसतो. उदाहरणे मी वीस बाजूंच्या फाशावर चालणाऱ्या, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या धाटणीच्या नियमांतली घेतली आहेत, कारण आम्ही तेच खेळतो. पण रीत कोणत्याही नियमावलीला लावता येते.

पहिली पायरी : सिद्धीचे क्रियापद शोधावे

खेळाडू सिद्धी मागतो तेव्हा तो एक दृश्य सांगत असतो. हातातून वीज सुटते, डोळे पांढरे होतात, सावली भिंतीवरून चालू लागते, वगैरे. ते दृश्य जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावे, कारण खेळाडूचा जीव त्यातच गुंतलेला असतो, आणि पुढे आकड्यांची कितीही काटछाट झाली तरी दृश्याला हात लावू नये. त्यानंतर मात्र त्या दृश्यामागचे क्रियापद शोधावे. ही सिद्धी अडचण सोपी करते, अडचणीचे रूप बदलते, की अडचण संपवते?

समजा, दरी ओलांडायची आहे. दोर अधिक घट्ट धरून ठेवणारी सिद्धी अडचण सोपी करते. दरीत धुके भरून पलीकडच्या पहारेकऱ्याला आंधळे करणारी सिद्धी अडचणीचे रूप बदलते, कारण आता त्या धुक्यातून आपल्यालाही वाट काढावी लागते. चौघांनाही अलगद उचलून पलीकडे ठेवणारी सिद्धी अडचण संपवते. पहिल्या प्रकारची सिद्धी हवी तितक्या वेळा वापरू द्यावी, दुसरी मोजून द्यावी आणि तिसरीची किंमत अशी ठेवावी की वापरण्यापूर्वी खेळाडूने घटकाभर विचार करावा. मला स्वतःला दुसरा प्रकार सर्वांत प्रिय आहे, कारण रूप बदललेल्या अडचणीत बाकीच्या खेळाडूंना नवे काम सापडते.

संपवणारी सिद्धी नेमकी काय खाऊन टाकते, ते कथानकाकडे पाहून ठरते. नाशिकजवळचा रामशेज किल्ला १६८२ पासून काही वर्षे मोगल फौजांना झुंजवत राहिला. तसा वेढा टेबलावर मांडायचा असेल आणि एका पात्राला हवे तेव्हा उडता येत असेल, तर धान्य किती उरले, पाणी कुठून आणायचे, रात्री कोणत्या वाटेने उतरायचे, हे सगळे प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात निकालात निघतात. तेच उडणे समुद्रावरच्या कथानकात निरुपद्रवी ठरेल. त्यामुळे सिद्धी मंजूर करण्यापूर्वी पुढच्या चार-पाच बैठकांत आपण कोणत्या अडचणी मांडणार आहोत याची यादी काढावी आणि सिद्धी त्यांतल्या कितींना परस्पर निकालात काढते ते पाहावे. निम्म्याहून अधिक अडचणी गळून पडत असतील तर सिद्धी तरी बदलावी किंवा कथानक तरी.

दुसरी पायरी : तलवारीच्या पाळीची मोजपट्टी करावी

लढाईतल्या सिद्धीला आकड्यांत तोलण्यासाठी एक ठरीव वजन लागते. माझे वजन म्हणजे साध्या तलवारबाजाची एक पाळी. पाचव्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी) तलवारबाज दोन वार करतो. एका वाराचे डॅमेज आठ बाजूंचा एक फासा अधिक ४, म्हणजे सरासरी ८.५, वार लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर दोन वारांचे मिळून ११ च्या आसपास डॅमेज होते. या ११ ला ‘एक पाळी’ म्हणावे.

आता याच लेव्हलच्या मांत्रिकाचा अग्निगोळा घ्यावा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत त्याचे डॅमेज सहा बाजूंचे आठ फासे आहे, म्हणजे सरासरी २८. वीस फूट त्रिज्येतल्या सर्वांना ते लागते आणि बचावाची फेक साधली तर निम्मे होते. शंभरातले साठ शत्रू फेक चुकतात असे धरले, तर एका शत्रूमागे २८ चे साठ टक्के अधिक १४ चे चाळीस टक्के, म्हणजे २२.४ येतात. तीन शत्रू एकत्र सापडले तर ६७. हे तलवारबाजाच्या सहा पाळ्यांच्या बरोबरीचे झाले. लढाई साधारण चार फेऱ्या चालते, तेव्हा मांत्रिकाने एका पाळीत तलवारबाजाची दीड लढाई उरकली. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. तो केवळ एवढेच सांगतो की अग्निगोळा दर पाळीला फेकू देता येणार नाही.

शत्रूला खिळवून ठेवणाऱ्या सिद्धींचे मोजमाप निराळे असते. तिथे डॅमेज शून्य असते, त्यामुळे नवा सूत्रधार त्या हलक्या समजतो, आणि माझे नेमके इथेच चुकले. खिळवणाऱ्या सिद्धीने शत्रूच्या किती पाळ्या हिरावल्या, ते मोजावे. तीन शत्रू आणि चार फेऱ्या म्हणजे शत्रूच्या १२ पाळ्या. माझ्या पहिल्या मसुद्यात प्रत्येक शत्रू साठ टक्के शक्यतेने तीन पाळ्या गमावत होता, म्हणजे सरासरी ५.४ पाळ्या पाण्यात. जवळजवळ निम्मी लढाई शत्रूने खेळलीच नाही, आणि जे दोघे-तिघे बुडत होते त्यांच्यावर तुटून पडणे एवढेच काम उरले. प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा बचावाची फेक दिली असती, तर हिरावलेल्या पाळ्या ३.५ वर आल्या असत्या. एकच मोठा शत्रू असलेल्या लढाईत तर ही सिद्धी अधिकच घातक, कारण तिथे खिळलेला शत्रू म्हणजे थांबलेली लढाई.

आपल्या बाजूला जादा पाळी देणारी सिद्धी हाही याचाच आरसा आहे. जादा पाळी, बोलावलेला वेताळ, आज्ञेतले पशू, सावलीचे जुळे रूप, यांत प्रत्येक वेळी एका खेळाडूच्या वाट्याला टेबलावरचा जास्त वेळ जातो. आकडे जुळले तरी घड्याळ जुळत नाही. मी बोलावलेल्या प्राण्याला स्वतंत्र पाळी देत नाही. पात्राने आपला वार सोडला तरच प्राणी वार करतो.

तिसरी पायरी : ‘दिवसातून एकदा’ हे शब्द तपासून पाहावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणला, तेव्हापासून मांत्रिकाला मंत्र मोजून मिळतात. मंत्र पाठ करायचा, एकदा म्हटला की तो स्मरणातून जायचा, ही कल्पना लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांतून आलेली आहे. पुढे पाठांतराचा नियम सैल झाला, पण दिवसाचा हिशेब राहिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सूत्रधारासाठी दिलेला अंदाज असा आहे की, पात्रांचा एक दिवस मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ प्रसंगांचा असतो. त्या दिवसात पाचव्या लेव्हलच्या मांत्रिकाच्या हाती अग्निगोळ्याचे दोन वापर हमखास असतात, आणि सहा-आठ प्रसंगांत ते विभागले तर तलवारबाजाला भरपूर जागा उरते.

आता आपला रविवार पाहावा. मंडळी मिसळ खाऊन, गप्पा मारून साडेदहाला कॉलेज रोडवरच्या एका मित्राच्या घरी जमतात आणि दीड वाजता कोणाच्या तरी घरून जेवायला बोलावणारा फोन येतो. तीन तासांत एक लढाई होते, फार तर दोन. पुढच्या रविवारी मागचे फारसे आठवत नसल्यामुळे सूत्रधार ‘रात्र झाली, सगळे झोपले’ असे म्हणून नवी सुरुवात करतो. परिणामी ज्या सिद्धी सहा प्रसंगांत पुरवून वापरायच्या होत्या त्या सगळ्या एका लढाईत ओतल्या जातात, आणि ज्याची तलवार कधीच संपत नाही त्याच्या न संपण्याला काही मोल राहत नाही. मांत्रिक फार बलवान झाल्याची तक्रार मी जेव्हा जेव्हा ऐकली आहे तेव्हा मूळ बहुतेक इथेच सापडले आहे.

यावर तीन उपाय मी वापरून पाहिले. पहिला म्हणजे सिद्धीचे वापर खेळातल्या दिवसाला न बांधता बैठकीला बांधणे. हा सर्वांत सोपा उपाय, पण कथेत त्याला कारण देता येत नाही आणि चोखंदळ खेळाडूंना ते खटकते. दुसरा म्हणजे विश्रांतीलाच जागा लावणे: वाटेवरच्या झोपेने थकवा जातो, पण सिद्धी परत येण्यासाठी एखाद्या मठात, घाटावर किंवा स्वतःच्या गावी तीन रात्री काढाव्या लागतात. लांबच्या प्रवासाच्या कथानकात हा उपाय उत्तम चालतो. तिसरा फाशाचा: सिद्धी वापरल्यावर पुढच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि ५ किंवा ६ पडला तरच ती परत मिळते. पहिल्या पाळीत वापरली आणि परत मिळताच पुन्हा वापरली, तर चार फेऱ्यांच्या लढाईत तिचे सरासरी दोन वापर होतात, मग बैठकीत लढाई एक होवो की तीन. कमी लढाया खेळणाऱ्या गटाला मी हाच उपाय सुचवेन, शिवाय तो फासा टाकताना सगळे टेबल वाकून पाहते.

चौथी पायरी : किंमत कथेतून यावी

वापरांची संख्या ही किंमत आहे खरी, पण ती दुकानातल्या पावतीसारखी कोरडी आहे. आपल्याकडच्या लोककथांत शक्तीची किंमत फार बारकाईने ठरलेली असते, आणि सूत्रधाराने तिथून खुशाल उचलावे. गावदेवाची सत्ता शिवेपर्यंत चालते. शीव ओलांडली की तो दुसऱ्याचा मुलूख. नवस बोलला की फेडावा लागतो, आणि फेडायला उशीर झाला तर देव आठवण करून देतो. चकवा लागलेला माणूस रात्रभर त्याच जागी फिरतो, पण उजाडले की सुटतो. साती आसरांचा अंमल पाण्याच्या काठाशी. या प्रत्येकात मर्यादा आधीच शिवलेली आहे: जागेची, कर्जाची, वेळेची, काठाची.

नवसाची किंमत मला विशेष उपयोगी वाटते, कारण ती सिद्धी वापरताना न लागता नंतर लागते. पात्राने लढाईत ‘नवस’ बोलावा आणि हवी ती फेक पुन्हा टाकावी. त्याबदल्यात सूत्रधार वहीत एक नवस मांडतो आणि पुढे केव्हाही, पात्राच्या गैरसोयीच्या क्षणी, फेडायला लावतो. एका वेळी दोनाहून अधिक नवस थकवता येत नाहीत. आकड्यांत ही सिद्धी भक्कम आहे, पण ती बाकीच्यांचा वेळ खात नाही. उलट नवस फेडण्याच्या भानगडीत चौघेही ओढले जातात. एक सावधगिरी मात्र सांगतो: टेबलावर कोणाच्या घरचे कुलदैवत आकड्यांत मांडू नये. खेळापुरते देव आणि नद्या कल्पनेतून घडवाव्यात, म्हणजे निम्म्या खेळात कोणी दुखावत नाही.

किंमतीचा आणखी एक प्रकार म्हणजे धरून ठेवणे. पाचव्या आवृत्तीत अनेक मंत्रांना एकाग्रता लागते. एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो, आणि पात्राला मार बसला तर १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मे यांपैकी मोठ्या आकड्याविरुद्ध बचावाची फेक करून तो टिकवावा लागतो. हा एक नियम दोन कामे करतो. दोन बलवान परिणाम एकमेकांवर चढत नाहीत, आणि मांत्रिकाला वाचवणे हे तलवारबाजाचे काम होऊन बसते. मी घडवलेल्या सिद्धींपैकी एका फेरीहून अधिक टिकणारी प्रत्येक सिद्धी मी एकाग्रतेत घालतो, आणि अपवाद करायचा तर कारण लिहून ठेवतो.

पाचवी पायरी : परिणाम पायऱ्यांनी वाढवावा

नावाडिणीची सिद्धी दुरुस्त करायला बसलो तेव्हा पावसाळा होता आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झालेला होता. नाशिककर अशा वेळी पाण्याचा क्युसेकमधला आकडा ऐकतो, पण विचारतो एकच: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले? पायांशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला. रामकुंडाजवळच्या त्या उंच मूर्तीवर पूर मोजण्याची ही सवय जुनी आहे, आणि तिच्यात एक गोष्ट आहे जी माझ्या मसुद्यात नव्हती: पाणी चढताना दिसते, आणि दिसते म्हणून माणसाला काही करायला वेळ मिळतो.

नवा मसुदा असा झाला. नावाडीण आपल्या पाळीत जमिनीवर वल्ह्याने रेघ ओढते. रेघेपलीकडचे तीस फुटांचे क्षेत्र पुराखाली येते. पहिल्या फेरीत पाणी पावलांशी असते आणि त्याने काहीही होत नाही. दुसऱ्या फेरीत ते गुडघ्याला येते आणि आतल्या प्रत्येकाची चाल निम्मी होते. तिसऱ्या फेरीत कमरेला, तेव्हा आतला प्रत्येक जण वार करताना दोन फासे टाकून लहान आकडा घेतो. चौथ्या फेरीपासून छातीला, तेव्हा प्रत्येकाने आपल्या पाळीच्या सुरुवातीला बचावाची फेक करावी, चुकल्यास तो पंधरा फूट वाहून जातो. ‘प्रत्येक जण’ म्हणजे मित्रही. नावाडीण एकाग्रता धरून असते; ती तुटली किंवा तिने सोडली की पाणी एकेका फेरीला एकेक पायरी उतरते. वाहत्या पाण्याला हात लावल्याशिवाय दुसरी रेघ ओढता येत नाही.

आता हिशेब. शत्रूचा वार लागण्याची शक्यता ६० टक्के असेल तर दोन फाशांतला लहान घेतल्यावर ती ३६ होते. एका वाराचे डॅमेज ७ धरले तर शत्रूमागे दर पाळीला १.६८ वाचतात, तीन शत्रू, तिसरी आणि चौथी अशा दोन फेऱ्या, म्हणजे सुमारे १०. तलवारबाजाची एक पाळीही धड भरत नाही. कागदावर ही सिद्धी अगदीच मवाळ दिसत होती, आणि वहीत मी ‘वाढवावी लागेल’ असा शेराही मारला.

टेबलावर तसे झाले नाही. पाणी पावलांशी आल्याचे मी सांगताच दरोडेखोरांचा म्होरक्या बाहेर पडायला धावला, आणि रेघेवर तलवारबाज उभा होता. एरवी दोन वार करून गप्प बसणाऱ्या त्या खेळाडूने पहिल्यांदाच ढालीने ढकलण्याचा नियम विचारला. धनुर्धाऱ्याला निम्म्या चालीची लक्ष्ये मिळाली. चौथ्या पात्राने, जे भगताचे होते, स्वतः पाण्यात उतरून एका जखमी साथीदाराला बाहेर ओढले, कारण मित्रही बुडणार होते. आकड्यांना १० दिसत होते. टेबलावर चौघांच्याही पाळ्या जड झाल्या होत्या. मी एकच बदल केला: खरी नदी, विहीर किंवा तळे शंभर फुटांच्या आत असेल तर पाणी थेट गुडघ्यापासून सुरू होते. त्यामुळे लढाई कुठे करायची यावर गट आधीच खल करू लागला.

सहावी पायरी : फाशाचा स्वभाव ओळखावा

‘फेकीला +१ दिला, त्यात काय मोठेसे’ असे वाटते, पण ते फाशावर अवलंबून असते. वीस बाजूंच्या एका फाशावर +१ म्हणजे कुठेही पाच टक्के. सहा बाजूंचे तीन फासे मिळवून खेळणाऱ्या नियमांत ११ किंवा अधिक येण्याची गरज असताना यशाची शक्यता ५० टक्के असते आणि +१ मिळताच ती ६२.५ वर जाते. गरज १५ ची असेल तर तोच +१ शक्यता ९ टक्क्यांवरून १६ वर नेतो. म्हणजे मधल्या भागात मदत भरघोस आणि कडेला तुटपुंजी. दोन फाशांतला मोठा घेण्याची सवलतही अशीच: ११ ची गरज असताना ५० चे ७५ टक्के होतात, २० ची गरज असताना ५ चे जेमतेम पावणेदहा. सिद्धी कुठल्या फेकीला मदत करते हे पाहिल्याशिवाय तिचे मोल ठरवू नये. (एकदा हौसेने कवड्या टाकून खेळलो. खेळ झकास रंगला, पण कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखी नसते, त्यामुळे माझे सगळे कोष्टक पहिल्या तासातच खोटे ठरले.)

एकाच प्रकारच्या दोन मदती कधीही एकमेकींवर चढवू देऊ नयेत. मोठी लागू, धाकटी वाया, एवढा नियम पुरतो.

सातवी पायरी : लढाईबाहेरच्या सिद्धींना सैल सोडू नये

खोटे ओळखणे, मनातले वाचणे, मृतात्म्याशी बोलणे, अदृश्य होणे. यांना डॅमेज नसल्यामुळे मोजपट्टी लागत नाही, आणि रहस्याचे कथानक त्यांनीच सर्वांत लवकर फुटते. खून कोणी केला हे मृतात्म्याने सांगितले की चौकशी संपली. मी अशा सिद्धींना निष्कर्ष देऊ देत नाही, धागा देऊ देतो. मृतात्मा फक्त शेवटच्या घटकेत स्वतः पाहिलेले सांगतो, आणि तेही तीनच प्रश्नांपर्यंत. मनातले वाचणाऱ्याला विचार ऐकू येत नाहीत, त्या क्षणी समोरच्याला सर्वांत जास्त कशाची भीती आहे तेवढे कळते. मग त्या भीतीचा अर्थ लावायला चौघे डोके लढवतात, आणि रहस्य टिकते. अदृश्य होणाऱ्याचे पाऊल, वास आणि सावली यांपैकी एक गोष्ट दिसत राहावी; कोणती, ते खेळाडूने ठरवावे.

आठवी पायरी : मराठीत नियम लिहिताना

नियम मराठीत लिहू लागल्यावर मला आपल्या भाषेतल्या काही सवयी खेळाच्या दृष्टीने निसरड्या आढळल्या. ‘तिसऱ्या फेरीपर्यंत’ म्हटले तर तिसरी फेरी धरायची की नाही, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झालेला आहे. आता मी ‘तिसरी फेरी संपेपर्यंत’ असे लिहितो. ‘जवळचे’, ‘थोडा वेळ’, ‘आसपास’ हे शब्द नियमातून हद्दपार करून फूट आणि फेऱ्या लिहाव्यात. ‘तो पडतो’ म्हणजे मारणारा की मार खाणारा, हे सर्वनामावरून कळत नाही, म्हणून नाम पुन्हा लिहावे, वाक्य कुरूप झाले तरी चालेल. ‘करतो’ आणि ‘करू शकतो’ यांत फरक ठेवावा: पहिल्यात निवड नाही, दुसऱ्यात आहे. कोण, केव्हा, किती अंतरावर, कोणावर, किती वेळ, आणि कशाने थांबते, या सहा प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने आली की सिद्धी चार ओळींत बसते. त्याहून लांब जात असेल तर तिच्यात बहुधा दोन सिद्धी दडलेल्या असतात. दृश्याचे वर्णन वेगळ्या परिच्छेदात, नियमाच्या वर, हवे तितके फुलवून लिहावे.

नववी पायरी : तपासणी

तीच लढाई तीनदा खेळून पाहावी: एकदा सिद्धीशिवाय, एकदा सिद्धीसह, आणि एकदा अशा शत्रूंसह ज्यांना ती सिद्धी ठाऊक आहे. तिसरी फेरतपासणी लोक टाळतात आणि तीच सर्वांत बोलकी असते. शत्रूंनी झाडावर चढणे, रेघ पुसणे, नावाडिणीवरच बाण सोडणे, असे काही करता आले तर सिद्धी जिवंत आहे. शत्रूंना करण्यासारखे काहीच सुचत नसेल तर तिला उतारा जोडावा लागेल. हे सगळे एकट्याने, चहाचा कप आणि चार सोंगट्या घेऊन, तासाभरात होते.

प्रत्यक्ष बैठकीत मी वहीत एकच नोंद करतो. प्रत्येक लढाईनंतर चार पात्रांपुढे खूण: याच्या कोणत्या पाळीने लढाईची दिशा बदलली? तीन बैठकांत एखाद्या नावापुढे एकही खूण नसेल, तर बलवान सिद्धी कापण्याआधी त्या पात्राला काय देता येईल ते पाहतो. लेव्हल वाढते तशी सिद्धी ताकदीने वाढवावी किंवा व्याप्तीने, दोन्हींनी नव्हे. डॅमेज वाढले तर वर्तुळ तेच ठेवावे. तलवारबाज पायरीपायरीने वाढत असताना मांत्रिकाचे मंत्र संख्येनेही वाढतात आणि ताकदीनेही, हे या खेळाचे जुने दुखणे आहे.

चालू कथानकात सिद्धी कापण्याची वेळ आली तर बैठकीच्या मध्यात कापू नये. मी नावाडिणीच्या खेळाडूला मधल्या बुधवारी फोन केला, तीन लढायांची वही वाचून दाखवली आणि दोन मसुदे पुढे ठेवले. तिने दुसरा निवडला, आणि वल्ह्याने रेघ ओढण्याची कल्पना तिचीच. माझ्या मसुद्यात नुसताच मंत्र होता. तलवारबाजाचा खेळाडू पुढच्या रविवारी आला, आणि निघताना त्याने ढालीने ढकलण्याचे अंतर पाचाऐवजी दहा फूट करता येईल का, असे विचारले. मी नाही म्हटले आहे. पण रेघेच्या काठावर उभे असताना देता येईल का, ते पाहतो आहे.